अलंकार सापडला, मग काय? रसग्रहण पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा उरकली की आमच्या गल्लीतली दहावी-बारावीची पोरं एकदम सिरियस होतात, आणि संध्याकाळी कुणीतरी वही घेऊन दारात उभं राहतं, काकू जरा रसग्रहण सांगा की. मी काही टीचर नाही बरं का, एम.ए. मराठी केलं आणि मग सासरच्या टॉवेल-चादरीच्या दुकानात बसले, एवढंच. पण वाचायची सवय सुटली नाही, त्यामुळं पोरं येतात, आणि दरवेळी तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून यावेळी लिहूनच काढते.

परवा शेजारची पोरगी आली. तिच्या वहीत होतं, "या कवितेत उपमा अलंकार आहे. अनुप्रास अलंकार आहे. चेतनगुणोक्ती आहे. कवीने अत्यंत सुंदर शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत." चार वाक्यं, आणि त्यात त्या कवितेबद्दल एक अक्षर नाही. ही चार वाक्यं उचलून कुठल्याही कवितेखाली चिकटवा, चालतील, पावसाच्या चालतील, आईच्या चालतील, शहीद जवानाच्या पण चालतील. मी तिला हसले नाही कारण कॉलेजात मी पण हेच करायचे. एकदा पाच अलंकार शोधून, खाली पट्टीनं रेघ मारून, ऐटीत पेपर दिला होता, आणि सरांनी समासात लाल पेनानं दोनच शब्द लिहिले: मग काय? लई राग आलेला तेव्हा. आता वाटतं सगळा विषय त्या दोन शब्दांत आहे.

म्हंजे कसंय, लेखकानं काय वापरलं हे ओळखणं सोपंय, पाठ करून पण येतं. त्यानं हेच का वापरलं, याच्या जागी दुसरं टाकलं असतं तर काय हरवलं असतं, हे सांगता आलं की ते रसग्रहण. आमच्या दुकानात जाणकार गिऱ्हाईक चादर घेताना वरची नक्षी बघून थांबत नाही, उलटी करून मागची बाजू बघतं, धागा कुठून आलाय आणि कुठं गेलाय. तसंच करायचंय.

सरावाला एक छोटी कविता घेऊ. मीच लिहिलीय, फार ग्रेट नाही, पण शिकवायला बरी पडते.

भोंगा बंद झाला त्या दिवसापासून
आजोबा आपणहून पाच वाजता उठतात
आणि ऐकत बसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोलापूर हे गिरण्यांचं गाव, भोंग्यावर अख्ख्या गावाचं उठणं-बसणं चालायचं, मग गिरण्या बंद पडल्या. एवढी माहिती पुरे.

पहिलं काम: पेन्सिल खाली ठेवा आणि मोठ्यानं वाचा

दोनदा. ओठातल्या ओठात नाही, मोठ्यानं, घरचे हसले तर हसू देत. डोळ्यांनी वाचताना आपण फक्त अर्थ उचलतो आणि पुढं पळतो, जिभेनं वाचलं की कुठं थांबावं लागतं, कुठं दम लागतो, कुठं ओळ अचानक तोकडी पडते ते कळतं. वरच्या कवितेत पहिल्या दोन ओळी लांब आणि तिसरी एकदम आखूड. वाचताना तिथं आवाज आपोआप खाली जातो. हे अजून कुठं लिहायचं नाही, नुसतं लक्षात ठेवायचं.

मग भावनेला नाव द्या, पण नीट

"दुःख" लिहून मोकळं व्हायचं नाही. मराठीत या एका भावनेच्या आजूबाजूला किती शब्द आहेत बघा: हुरहूर, खंत, सल, तगमग, घालमेल, चडफड, काहूर, रुखरुख, विषण्णता. प्रत्येकाचा जीव वेगळा. घालमेल चालू असते तेव्हा निर्णय व्हायचा बाकी असतो, खंत असते तेव्हा गोष्ट घडून गेलेली असते, चडफडीत राग असतो पण हात बांधलेले असतात, हुरहुरीला तर कधी कधी कारण पण सांगता येत नाही. आनंदाचं पण तसंच, समाधान वेगळं, हरखणं वेगळं, आणि सुटलो एकदाचं असं वाटणं वेगळं.

भोंग्याच्या कवितेत आजोबांना काय वाटतंय? पोरगी म्हणाली दुःख. मी म्हटलं रडतायत का? नाही म्हणाली. रागावलेत? नाही. मग जरा थांबून म्हणाली, काकू ते वाट बघतायत, पण येणार नाही हे त्यांना माहितीय. झालं की! हे एक वाक्य वहीत लिहा, तुमच्या स्वतःच्या भाषेत, कसंही असू दे. पुढचं सगळं काम म्हंजे या वाक्याला पुरावा शोधणं.

इथं नवीन पोरं एक गडबड करतात, लेखकाची भावना आणि कवितेत बोलणाऱ्याची भावना एकच धरतात. "मी" म्हणणारा दरवेळी कवी नसतो. लिहिणारी बाई पुरुषाच्या तोंडून बोलते, लिहिणारा पुरुष नायिकेच्या तोंडून बोलतो. आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी लावणीकार म्हणून प्रसिद्ध, आणि लावणीत कितीदा तरी बोलणारी बाई असते पण लिहिणारा बाप्या. त्यामुळं "कवी म्हणतो" लिहायच्या आधी बघा नक्की कोण म्हणतंय.

आता जिथं अडकलात तिथं खूण करा

अलंकार शोधू नका, जिथं तुम्ही स्वतः अडकलात, जिथं वाटलं की अरे हे असं का लिहिलं, तिथं खूण करा. दोन किंवा तीनच, जास्त नकोत. वरच्या कवितेत मी तीन केल्या असत्या: "आपणहून", "ऐकत बसतात", आणि काय ऐकतात ते लिहिलेलंच नाही ती मोकळी जागा.

आता कुणी म्हणेल यात अलंकार कुठाय. नाहीच! उपमा नाही, रूपक नाही, यमक नाही, तरी कविता काहीतरी करतेय. भाषेची युक्ती म्हंजे फक्त अलंकार नाही, क्रियापद, काळ, वाक्याची लांबी, वगळलेला शब्द, हे सगळं त्यातच येतं, आणि खरं सांगू का, आजकालच्या लिखाणात हेच जास्त सापडतं.

बदलून बघा

ही सगळ्यात कामाची पायरी आहे, बाकी काही जमलं नाही तरी एवढी करा. खूण केलेला शब्द काढा, त्याच्या जागी जवळच्या अर्थाचा दुसरा घाला, आणि काय गेलं ते बघा.

"ऐकत बसतात" च्या जागी "ऐकतात" टाका. आजोबा उठतात आणि ऐकतात. अर्थ तोच, पण काहीतरी मेलं ना? "ऐकतात" मध्ये ऐकायला काहीतरी आहे. "ऐकत बसतात" मध्ये वेळ आहे, रिकामपण आहे, त्यातून काही निघणार नाही हे पण आहे. हे सगळं त्या "बसणे" नं केलं. ही आपल्या मराठीची खास गंमत आहे, आणि गाइडवाल्या पीडीएफमध्ये ही कधीच नसते. रडणे घ्या. ती रडली. ती रडून घेतली म्हणत नाही आपण, तिनं रडून घेतलं म्हणतो, म्हंजे ठरवून, मन मोकळं करायला. ती रडत बसली, म्हंजे बोलणाऱ्याला ते पटलेलं नाही. ती रडत राहिली, कुणी थांबवलं नाही. तिला रडू आलं, तिच्या हातात नव्हतं. ती रडून गेली, म्हंजे येऊन, रडून, निघून गेली. मूळ क्रिया एकच, सोबतचं क्रियापद बदललं की बोलणाऱ्याचा सगळा स्वभाव बदलतो. कथा वाचताना नुसत्या या जोडक्रियापदांखाली रेघा मारत गेलात तरी अर्धं विश्लेषण हातात येतं.

तसेच ते बारके शब्द, च, ना, तर, की, पण. "तू आलास." "तू आलासच." "तूच आलास." "तू तर आलास." "तू आलास की!" पाचही वेळा माणूस दारात उभाय पण पाच वेगळी घरं आहेत ती. आपण सोलापूरकर तर "की" शिवाय वाक्य संपवत नाही, येतो की, बस की, खा की, आणि बाहेरच्याला वाटतं आपण आग्रह करतोय का भांडतोय. संवादात लेखकानं असा बोलीचा शब्द ठेवला असेल तर "बोलीभाषेमुळे जिवंतपणा आला" एवढ्यावर सोडू नका. कोण बोलीत बोलतंय आणि कोण पुस्तकी बोलतंय, आणि एकच माणूस कधी बोलीतून पुस्तकीत जातो, ते बघा. घरात "लई भूक लागली" म्हणणारा बाप साहेबासमोर "मला जरा अडचण होती" म्हणतो, त्या दोन वाक्यांच्या मध्ये त्याची सगळी लाज बसलीय.

शब्दांच्या जातीचं पण असंच. अश्रू, आसवं, डोळ्यातलं पाणी. अश्रू जरा लांबून दिसतात, आसवं गाण्यात येतात, आणि डोळ्यातलं पाणी पदरानं पुसता येतं. लेखकानं यातलं कुठलं उचललं?

आणि कोण कुणाला काय म्हणतं. तू का तुम्ही. इथून 70-75 किलोमीटरवर पंढरपूर, तिथं विठ्ठलाला कुणी "आपण" म्हणत नाही, तू म्हणतात, माऊली म्हणतात, विठाबाई म्हणतात, देवाला आई केली की त्याच्याशी भांडता येतं. पत्रात, कथेत, एखादं माणूस मध्येच तुम्ही वरून तू वर आलं किंवा उलटं गेलं तर तिथं नात्यात काहीतरी घडलंय, ते पकडा.

अलंकारांची नावं, पटकन

नावं यायला पाहिजेतच, पेपरात लागतात. सारखा, जसा, सम, प्रमाणे दिसलं आणि दोन गोष्टीत साम्य सांगितलं की उपमा. जणू, वाटे, भासे, म्हंजे ही गोष्ट तीच आहे की काय असं वाटणं, ती उत्प्रेक्षा. दोन्ही एकच आहेत असं सरळ ठोकून दिलं की रूपक. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती. अक्षर परत परत आलं की अनुप्रास, एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की श्लेष. बाकीचे व्याकरणाच्या पुस्तकातून करा, मला त्यात रस नाही.

शब्दशक्ती मात्र समजून घ्या, घोकू नका. अभिधा म्हंजे सरळ अर्थ. लक्षणा म्हंजे सरळ अर्थ घेतला तर वेडेपणा होईल म्हणून शेजारचा अर्थ घ्यायचा, जसं "अख्खं सोलापूर यात्रेला लोटलं", गाव काही उठून चालत गेलं नाही, माणसं गेली. आणि व्यंजना म्हंजे सरळ अर्थ पण बरोबर, पण आत अजून एक निरोप. जिन्यात पावलं वाजतात आणि ताई हळूच म्हणते "बाबा आले", की धाकटा मोबाईल उशीखाली घालतो. मोबाईल हा शब्द कुणी काढला होता का? भावना बहुतेक वेळा या तिसऱ्या खोलीत राहते.

एक खरं उदाहरण, आपल्याच जिल्ह्यातलं

सोलापूरपासून 50-55 किलोमीटरवर मंगळवेढा. तिथं गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून संत चोखामेळा गेले, 1338 साली. जातीमुळं ज्यांना देवळाच्या बाहेर उभं राहावं लागलं त्या माणसाची ही ओळ सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते:

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

डोंगा म्हंजे वाकडा. आता पायऱ्या लावून बघू. मोठ्यानं वाचलं की कळतं की ओळ बरोबर मध्ये मोडते, सहा अक्षरं अलीकडं, सहा पलीकडं, मोजून बघा बोटावर. "ऊस डोंगा परी" इथं श्वास थांबतो, आणि "परी" नंतर सगळं उलटं फिरतं. अभंगातल्या प्रत्येक "डोंगा परी" ओळीचं पहिलं अर्धं बाहेरचं, दुसरं अर्धं आतलं. म्हंजे अभंगाला जे सांगायचंय तेच वाक्याची बांधणी करतेय.

बदलून बघा, डोंगा काढून वाकडा टाका. सहाची सात अक्षरं होतात, लय लंगडते, आणि रंगाशी जुळणारं यमक जातं. डोंगा-रंगा. वाकडं शरीर आणि वरचा रंग, कानात हे दोन शब्द एकमेकांना चिकटतात.

आता क्रम. आधी ऊस, मग कमान (म्हंजे धनुष्य), मग नदी, वाकड्या वस्तू एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येकीच्या आत सरळ काहीतरी, रस, तीर, पाणी. ऐकणारा तीनदा मान हलवतो, हो बरोबर, हो बरोबर. आणि चौथ्या वेळी चोखोबा स्वतःला आणून उभं करतात, चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा. आता नाही कसं म्हणणार? तीनदा हो म्हणून बसलाय की तुम्ही! पहिल्या ओळीतच "मी वाकडा पण माझा भाव सरळ" म्हटलं असतं तर ती विनवणी झाली असती, इथं तो युक्तिवाद झालाय. नुसतं "दृष्टान्त अलंकार आहे" (म्हंजे दाखला देऊन पटवलंय) लिहिणाऱ्याच्या हातातून हेच निसटतं.

अजून एक, हे मात्र माझं वाचन आहे, तुम्हाला पटलं तर घ्या. चोखा शब्दाचा अर्थ शुद्ध, अस्सल, आपण चोख सोनं म्हणतोच. मग "चोखा डोंगा" या दोन शब्दांतच आतलं आणि बाहेरचं भांडतायत. आणि "भुललासी" बघा, एकवचन, तू. समोरच्या एका माणसाच्या डोळ्यात बघून विचारलेला प्रश्न, आणि त्याचं उत्तर अभंगात दिलेलं नाही. मग भावना काय लिहाल? करुण रस म्हणून सोडून देऊ नका, यात रडणं नाहीये. दुखावलेला पण ताठ, असं मी लिहीन.

गद्य असेल तर

गद्यात पोरं घाबरतात कारण रेघ मारायला अलंकार सापडत नाही. हा तुकडा बघा, हा पण माझाच:

आईनं शेंगा भाजल्या. कुटल्या. डब्यात भरल्या. झाकण दोनदा लावलं. गाडी साडेसहाची होती.

पोरगा पुण्याला निघालाय, पण पोरगा हा शब्द नाही, पुणे नाही, वाईट वाटणं नाही. मध्येच "आईला खूप भरून आलं होतं" हे वाक्य घालून वाचा, तुकडा लगेच सिरियलसारखा होतो. छोटी छोटी वाक्यं का? कारण आई हाताला काम देतेय, एक संपलं की दुसरं, थांबली तर रडू येईल. आणि शेवटी गाडीची वेळ, एकदम कोरडी माहिती, तिथं पोटात कालवतं. गद्यात बघायचं ते हेच: वाक्य किती लांब, वेग कुठं वाढतो, कुठली वस्तू परत परत येते, आणि कशाबद्दल कुणीच बोलत नाही.

लिहायचं कसं

बोर्डाच्या पेपरात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे मुद्दे असतात, ते धरूनच लिहा, उगाच बंड नको, मार्क जातील. पण प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी एका दमात आल्या पाहिजेत: मूळ शब्द, तो काय करतो, आणि त्यामुळं कुठली भावना कशी पोचते. भोंग्यावर मी असं लिहीन:

"आपणहून या शब्दातून कळते की पूर्वी आजोबांना भोंगा उठवत असे, आता सवय उठवते. ऐकत बसतात या क्रियापदात ऐकण्यापेक्षा बसून राहणे जास्त जाणवते. ते काय ऐकतात हे कवितेने सांगितलेलेच नाही, त्यामुळे बंद पडलेला भोंगा वाचकालाही ऐकू न येणाऱ्या आवाजासारखा जाणवतो. शेवटची ओळ आखूड असल्याने ती शांतता वाचतानाही पाळावी लागते."

अलंकाराचं एक पण नाव नाही यात. असेल तिथं घाला, नसेल तिथं ओढून आणू नका.

आणि काही शब्द मी पोरांना बॅन केलेत. अत्यंत सुंदर, मनाला भिडणारी, हृदयस्पर्शी, अप्रतिम. हे शब्द म्हंजे हॉटेलातून बाहेर पडताना "जेवण छान होतं" म्हणण्यासारखं, मीठ किती होतं ते सांग की. कवीचा जन्म कुठं झाला, पुरस्कार कुठले, हे पण एका ओळीच्या वर नको, ते त्या ओळीचा अर्थ उघडत असेल तरच, जसं चोखोबांचं देवळाबाहेर उभं राहणं उघडतं. सारांश लिहिणं म्हंजे रसग्रहण नव्हे, "पहिल्या कडव्यात कवी म्हणतो, दुसऱ्या कडव्यात कवी म्हणतो" असं चालू झालं की समजा गाडी रुळावरून उतरली.

वेळ कमी असेल तर दोनच खुणा घ्या आणि त्या नीट खणा. सहा खुणा वरवर खरवडण्यापेक्षा बरं.

दोन अर्थ निघाले तर घाबरायचं कारण नाही. शेंगांचा तुकडा वाचून झाल्यावर त्या पोरीला विचारलं, झाकण दोनदा का लावलं? मला उत्तर माहीत होतं, मीच लिहिलंय ना, आईला डबा हातातून सोडवत नव्हता म्हणून. ती म्हणाली, काकू पण आपल्या शेंगाचटणीला तेल सुटतंय की, बॅगेत गळू नये म्हणून पण लावलं असेल. मी गप्पच झाले. दोन्ही लिही म्हटलं, आधी तेलाचं लिही, मग माझं.